पहिल्या उंटाला खरूज कुणी दिली? मध्ययुगीन अरबी वैद्यक आणि संसर्ग

कोरांटी (धागाकर्ती) · रविवार, रात्री ९.४०

२०२० साली आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, तो परवा पुन्हा आला. ‘क्वारंटाईनचा शोध इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी लावला, रोग्याला चाळीस दिवस वेगळं ठेवायला त्यानेच सांगितलं.’ मी परिचारिकांना शिकवते, संसर्ग हा माझा रोजचा विषय. तेव्हा लॉकडाऊनमध्ये मिळतील ती भाषांतरं वाचायला घेतली आणि तो नाद अजून सुटलेला नाही.

चाळीस दिवसांच्या त्या गोष्टीला इब्न सीना ह्या इराणी वैद्याच्या ‘अल-कानून’ ह्या वैद्यकाच्या ग्रंथात आधार नाही. बाहेरून येणाऱ्यांना आणि जहाजांना अडवून ठेवण्याचा सर्वांत जुना ज्ञात सरकारी ठराव रागुसाचा, म्हणजे आजच्या दुब्रॉव्हनिकचा, १३७७ सालचा. तोही तीस दिवसांचा. चाळीस नंतर झाले. पण मेसेज खोटा निघाला म्हणून विषयच सोडून द्यावा असं मला वाटेना. खरं जे आहे ते मला जास्त मोलाचं वाटतं.

‘अल-कानून’ १०२५च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या पहिल्याच भागात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांची नावं येतात: महारोग, खरूज, देवी, साथीचा ताप, सडलेल्या जखमा. आणि लगेच पुढे, घरं दाटीची असतील आणि शेजारी वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहत असेल तर विशेष करून, असं म्हटलंय. हे वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बसले. दोन खाटांमधलं अंतर आणि खिडकी कुठल्या बाजूला, हे मी मुलींना दरवर्षी शिकवते. त्याच यादीत पुढे क्षय आहे आणि डोळे येणंही आहे. डोळे आलेल्याकडे टक लावून बघणाऱ्याचे डोळे येतात, असं तो लिहितो.

बघण्यात ही माणसं कुठेच कमी नव्हती. बघितलेलं मांडायचं कसं, तिथे घोडं अडत होतं. ग्रीकांकडून आलेलं वैद्यक सांगायचं की हवा बिघडते, आणि ज्याच्या अंगातले रस आधीच बिघडलेले असतात त्याला ती बाधते. त्यात ‘ह्याचं त्याला लागलं’ ही गोष्ट नीट बसत नव्हती. दुसरीकडे हदीस, म्हणजे पैगंबरांचं परंपरेने आलेलं वचन, होती: ‘अदवा नाही.’ अदवा म्हणजे लागण. एका बदूने, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाने, पैगंबरांना विचारलं, माझे उंट वाळूत हरणांसारखे तुकतुकीत असतात, त्यांच्यात एक खरजेचा उंट शिरतो आणि सगळ्यांना खरूज होते, ते कसं? त्यावर प्रश्नच आला: मग पहिल्याला कुणी दिली?

त्याच परंपरेत ‘सिंहापासून पळता तसं महारोग्यापासून पळा’ हेही आहे आणि ‘रोगी उंट निरोगी उंटांत आणू नका’ हेही आहे. ह्या तिन्हींचा मेळ कसा घालायचा यावर विद्वानांनी शतकानुशतकं लिहिलं.

आता १३४८ साल बघा. मोठा प्लेग आज स्पेनमध्ये असलेल्या अल्मेरिया बंदरात जून महिन्यात पोचला. हे बंदर तेव्हा ग्रानाडाच्या मुस्लिम राज्यात होतं. तिथे इब्न खातिमा नावाचा वैद्य आणि कवी होता. साथ चालू असतानाच त्याने लिहून काढलं की गावात दिवसाला जास्तीत जास्त ७० माणसं गेली. त्याने आणखी एक गोष्ट टिपली. अल्मेरियात जुन्या कपड्यांचा बाजार होता आणि साथीत मेलेल्यांचे कपडे, अंथरुणं-पांघरुणं तिथे विकायला येत. त्या बाजारातली माणसं जवळपास सगळी मेली. बाकीच्या बाजारांत असं झालं नाही.

एवढं दिसूनही इब्न खातिमा शेवटी हदीसपाशी थांबतो. रोगात स्वतःचं असं बळ नाही, सगळं देवाच्या इच्छेने होतं, असं म्हणून तो वाद मिटवतो. त्याचा स्नेही इब्न अल-खतीब मात्र थांबला नाही. तो ग्रानाडाच्या दरबारात होता. त्याचे गुरू इब्न अल-जय्याब १३४९ साली ह्याच साथीत गेले आणि त्यांच्या जागी तो वजीर झाला. प्लेगवरच्या त्याच्या छोट्या ग्रंथातला युक्तिवाद माझ्या शब्दांत असा: लागण आहे हे अनुभवाने, तपासाने आणि डोळ्यांनी सिद्ध झालंय. रोग्याच्या जवळ गेलेला मरतो, न गेलेला वाचतो. कपड्यातून, भांड्यातून रोग जातो. एक कानातला डूलसुद्धा पुरतो, ज्याने तो घातला तो गेला आणि पाठोपाठ घर गेलं. रोग नसलेल्या बंदरात रोगाच्या मुलुखातून माणूस उतरतो आणि तिथून सुरुवात होते. वाळवंटात तंबूत राहणारे बदू सुखरूप राहतात.

आणि मग तो लिहितो की परंपरेतून आलेलं वचन जर इंद्रियांनी उघड दिसणाऱ्या गोष्टीच्या विरुद्ध जात असेल, तर त्या वचनाचा अर्थ वेगळा लावला पाहिजे. राजाच्या वजिराने चौदाव्या शतकात हे लिहिलंय. मी ते वर्गात वाचून दाखवते.

---

कंदील · रविवार, रात्री १०.२५

डोळ्यांचं वाचून अंगावर काटा आला! आमच्याकडे अजून हेच म्हणतात, ‘त्याच्या डोळ्यांत बघू नको, तुझे येतील.’ शाळेत साथ आली की डोळे आलेली मुलं काळा गॉगल लावून यायची आणि आम्हाला वाटायचं गॉगल आमच्या रक्षणासाठी आहे. हजार वर्षांपूर्वी इराणातल्या वैद्याने हेच लिहिलं असेल हे स्वप्नातही आलं नसतं.

कोरांटी · रविवार, रात्री १०.४१

@कंदील, बघणारा तोंडाशी तोंड येईल इतका जवळ असतो. त्याच टॉवेलला तोंड पुसतो, त्याच हाताने डोळा चोळतो. जवळ गेलेल्याला होतं हे अगदी बरोबर टिपलं होतं, दोष फक्त नजरेवर गेला. माझ्या मुलींपैकी निम्म्या जणी पहिल्या वर्षाला हेच उत्तर लिहितात, मग मी आधी त्यांना टॉवेल मोजायला लावते. घरात माणसं किती आणि टॉवेल किती.

---

हिरडा · सोमवार, सकाळी ७.१०

लेख मनापासून आवडला. मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, म्हणून एक भर घालतो. सुश्रुताच्या निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायात संसर्गाचे दोन श्लोक आहेत, विद्यार्थी ते घोकतात. शरीरसंबंध, अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवण, एका अंथरुणावर निजणं, एका आसनावर बसणं, दुसऱ्याची वस्त्रं, माळा, लेप वापरणं. ‘कुष्ठं ज्वरश्च शोषश्च नेत्राभिष्यन्द एव च’ हे रोग यातून माणसाकडून माणसाकडे जातात, ‘सङ्क्रामन्ति नरान्नरम्’. शोष म्हणजे क्षय, नेत्राभिष्यंद म्हणजे डोळे येणं. आता ही यादी तुम्ही दिलेल्या इब्न सीनाच्या यादीशेजारी ठेवून बघा.

बगदादमध्ये बरमकी वजिरांच्या काळात मंका नावाच्या भारतीय वैद्याकडून सुश्रुताचं भाषांतर करवून घेतल्याची नोंद अरबी ग्रंथांत आहे. ८५०च्या सुमारास अली इब्न रब्बन अत-तबरीने आपल्या ग्रंथाचा शेवटचा भाग भारतीय वैद्यकाला दिलाय. म्हणजे येणं-जाणं होतं.

तरी ‘त्यांनी आपलंच घेतलं’ असं लगेच म्हणू नये ही विनंती. डोळे जगात सगळीकडेच येतात, खरूजही सगळीकडे होते. दोन ठिकाणच्या सावध माणसांना स्वतंत्रपणे तेच दिसू शकतं.

सडेतोड · सोमवार, सकाळी ९.०२

श्लोक उत्तमच. पण मूळ लेखातून मला कळलं ते असं की धर्मवचनाने ह्या लोकांचे डोळे बांधले होते. एक इब्न अल-खतीब बोलला आणि त्याला मारून टाकलं. बरोबर ना? तुरुंगात गळा आवळून मारलं असं कुठेतरी वाचलंय.

कोरांटी · सोमवार, दुपारी १.१५

@सडेतोड, गळा आवळून मारलं हे खरं आहे. १३७४ साली, मोरोक्कोत फेझच्या तुरुंगात. त्याच्यावर पाखंडाचा आरोपही होता. पण प्लेगवरच्या पुस्तिकेसाठी त्याचा जीव गेला, हे जे आता सर्रास सांगितलं जातं ते ओढूनताणून जोडलेलं आहे. पुस्तिका लिहून वीसहून जास्त वर्षं झाली होती. तो ग्रानाडाहून पळून शत्रूंच्या तावडीबाहेर मोरोक्कोत गेला होता, आणि आरोपाचा रोख त्याच्या सूफी विचारांच्या लिखाणावर होता. मुळात सगळं दरबारी वैर. त्याचाच शिष्य इब्न जमरक पुढे वजीर झाला आणि गुरूच्या विरोधात उभा राहिला. आज ग्रानाडाचा अल्हम्ब्रा राजवाडा बघायला जाल तर भिंतींवर ह्या इब्न जमरकच्या कविता कोरलेल्या दिसतील. मला तिथे जायचंय, पण त्या ओळी कौतुकाने वाचता येतील असं वाटत नाही.

---

खाडीकाठ · सोमवार, रात्री ८.३०

मी रत्नागिरीकडचा, युनानीचा डॉक्टर. ‘अल-कानून’चा तो पहिला भाग म्हणजे आमचा कुल्लियात, पहिल्या वर्षापासून मानगुटीवर बसलेला. लागणाऱ्या रोगांना आम्ही अजून ‘अमराज-ए-मुतअद्दिया’ म्हणतो, त्यातला धातू तोच, अदवाचा.

सडेतोडदादा, डोळे बांधले होते हे मला पटत नाही, आणि का ते सांगतो. आमच्या घरी ही गोष्ट वडिलांनी सांगितलेली आहे. खलिफा उमर ६३९च्या सुमारास सीरियाकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी पोचले तर बातमी आली की पुढे साथ आहे. इतिहासात ती अमवासची साथ म्हणून ओळखतात. त्यांनी सगळ्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरायचं ठरवलं. तेव्हा सेनापती अबू उबैदा म्हणाले, ‘अल्लाने लिहिलेल्यापासून पळता?’ उमर म्हणाले, हो, अल्लाने लिहिलेल्यापासून अल्लाने लिहिलेल्याकडेच जातो. तुझे उंट अशा दरीत उतरले की एक बाजू हिरवी आणि एक उजाड, तर हिरव्या बाजूला चारलेस काय आणि उजाड बाजूला चारलेस काय, दोन्ही त्याच्याच मर्जीने नाही का? मग अब्द अर-रहमान इब्न औफ आले आणि म्हणाले, मी स्वतः पैगंबरांकडून ऐकलंय: साथ असलेल्या मुलखात जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे आली तर पळून बाहेर पडू नका.

अबू उबैदा मात्र आपल्या माणसांपाशी राहिले आणि त्याच साथीत गेले.

२०२० साली आमच्या मोहल्ल्यात मशीद बंद ठेवायची वेळ आली तेव्हा मौलानांनी हेच सांगितलं होतं. ‘पहिल्या उंटाला कुणी दिली’ ह्या वाक्याचा अर्थ बऱ्याच आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, असा लावला की रोग आपल्या मर्जीचा मालक नाही, निमित्त आहे. निमित्तापासून अंग वाचवायला कुणाची ना नाही.

आणि एक बारीक गोष्ट. ‘लागण नाही’ आणि ‘रोगी उंट आणू नका’ ही दोन्ही वचनं पैगंबरांचे सहवासी अबू हुरैरा ह्यांनी सांगितलेली आहेत. ‘सहीह मुस्लिम’ ह्या हदीससंग्रहातच नोंद आहे की पुढे त्यांनी पहिलं सांगायचं सोडून दिलं, दुसरं सांगत राहिले. लोकांनी त्यांना तोंडावर विचारलंही. म्हणजे प्रश्न तेव्हाच पडलेला होता.

सडेतोड · सोमवार, रात्री ९.१२

माझं वाक्य मी मागे घेतो. उमरची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद.

---

माळरान · मंगळवार, सकाळी ६.५०

जुन्या कपड्यांच्या बाजाराचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझी पणजी सातारा जिल्ह्यातली, तिची गोष्ट आजीने सांगितलेली. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं. आढ्यावरून उंदीर पटकन खाली येतो, गोल गोल फिरतो, माणसाला भीत नाही आणि मरतो. मग सगळा गाव माळावर खोपटं घालून राहायचा. एकदा कुणाची तरी सून विसरलेली गोधडी आणायला घरी गेली. आणली. चौथ्या दिवशी जांघेत गाठ आली. आजी एवढंच सांगून गप्प व्हायची, पुढे विचारलं तर चूल फुंकायला लागायची.

१८९६ला मुंबईत प्लेग आला आणि तिथून देशावर पसरला. १८९८मध्ये पॉल-लुई सिमों ह्यांनी कराचीत दाखवून दिलं की उंदरावरची पिसू हा रोग पोचवते. म्हणजे अल्मेरियातल्या त्या बाजाराचं उत्तर साडेपाचशे वर्षांनी मिळालं. कपड्यांच्या घड्यांत पिसवा.

मला विचारायचंय की अरबी वैद्यांपैकी कुणी उंदरांबद्दल लिहिलंय का?

खाडीकाठ · मंगळवार, सकाळी १०.२०

@माळरान, लिहिलंय. ‘अल-कानून’च्या चौथ्या भागात वबाची, म्हणजे साथीची, लक्षणं सांगताना इब्न सीना म्हणतो की उंदीर आणि जमिनीखाली राहणारे प्राणी वर येतात आणि झिंगल्यासारखे वागतात. तुमच्या आजीने जे सांगितलं ते जवळपास शब्दाला शब्द. पण तो त्याचा अर्थ असा लावतो की जमिनीतली वाफ बिघडली म्हणून ते बाहेर पळाले. उंदराकडे तो रोगाची खूण म्हणून बघतो, कारण म्हणून नाही.

ह्याच्या पुढचं पाऊल मला आपल्याकडच्या एका फारसी ग्रंथात सापडतं, जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात. १६१८-१९ला आग्र्याकडे प्लेग होता. दिवंगत आसफखान जाफर बेगच्या मुलीने तिच्या घरात घडलेलं सांगितलं आणि बादशहाने ते लिहून ठेवलं. अंगणात एक उंदीर दारू प्याल्यासारखा पडत-उठत आला. तिने दासीला सांगितलं, शेपटीला धरून मांजरापुढे टाक. मांजराने झडप घातली, तोंडात धरला आणि किळस आल्यासारखा लगेच सोडला. दुसऱ्या दिवशी मांजर मरायला टेकलं. तोंड उघडून औषध घातलं तेव्हा टाळू आणि जीभ काळी पडलेली. मांजर कसंबसं वाचलं. मग दासीला गाठ आली, ताप आला आणि ती दुसऱ्या दिवशी गेली. आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसं गेली. उरलेली घर सोडून बागेत राहायला गेली.

तुमचा माळ आणि त्यांची बाग.

कंदील · मंगळवार, सकाळी ११.०५

उंदीर, मांजर, दासी, घर. ही बाई आज असती तर साथरोगाच्या पथकात असती. तिचं स्वतःचं नावसुद्धा कुणी लिहिलं नाही, वडिलांचं लिहिलं, ह्याचं वाईट वाटतं.

---

वाटसरू · मंगळवार, दुपारी ४.००

इराणी वैद्य अर-राझीचा उल्लेख कसा नाही आला? बगदादमध्ये दवाखाना कुठे बांधायचा ते ठरवायला त्याने ठिकठिकाणी मांस टांगलं आणि जिथे सर्वांत उशिरा सडलं तिथे बांधला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. देवी आणि गोवर वेगळे हेही त्यानेच सांगितलं.

कोरांटी · मंगळवार, रात्री १०.०५

@वाटसरू, मांसाची गोष्ट सुरेख आहे, पण ती बगदादच्या अदुदी रुग्णालयाला जोडतात. ते ९८०च्या आसपास उभं राहिलं. अर-राझी त्याच्या कित्येक दशकं आधी वारला होता. 

देवी-गोवराचं मात्र सोळा आणे खरं, आणि ते वाचताना तर तो शेजारच्या खाटेवरच्या पोराला बघून लिहितोय असं वाटतं. पाठ दुखणं देवींमध्ये जास्त, जीव घाबरा होणं आणि मळमळ गोवरात जास्त. फोड नीट वर यायच्या आधी हे ओळखा, असं त्याचं सांगणं. आपल्याकडे ‘देवी आल्या’ आणि ‘गोवर निघाला’ अशी क्रियापदंसुद्धा वेगळी, म्हणजे आयाबायांनीही हे दोन आपापल्या परीने वेगळे ठेवलेच होते.

पण गंमत बघा, देवी लागतात असं त्या ग्रंथात तो मांडत नाही. द्राक्षाचा रस जसा आपोआप आंबतो आणि मग निवळतो, तसं लहान मुलाचं रक्त एकदा उकळी घेतं आणि पक्कं होतं, असं त्याचं म्हणणं. जवळजवळ प्रत्येक मुलाला देवी यायच्याच, आणि एकदा येऊन गेलेल्याला सहसा पुन्हा येत नसत. ह्या दोन्ही गोष्टी त्या एका कल्पनेत बसतात. रोग सगळ्यांनाच होतो तेव्हा कुणाकडून कुणाला गेला हे दिसतच नाही. प्लेगमध्ये दिसलं, कारण एक बाजार मेला आणि शेजारचा वाचला.

असंच एक उदाहरण इब्न अल-खतीब देतो, ते लेखात राहून गेलं. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर सला नावाचं गाव आहे. तिथल्या इब्न अबी मदयन नावाच्या गृहस्थाला लागण पटलेली होती. त्याने धान्यधुन्य भरलं, मोठं कुटुंब आत घेतलं आणि दाराला विटा लावून ते बंद करून टाकलं. गाव मरत होतं. त्या घरातलं एकही माणूस गेलं नाही.

---

वाटसरू · बुधवार, सकाळी ८.१५

आणि एकत्र प्रार्थना करायचे त्याचं काय? तो प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता त्या वेळी दमास्कसला होता ना?

कोरांटी · बुधवार, रात्री ९.३०

होता, १३४८च्या जुलैमध्ये. तीन दिवस उपवास झाले, मग सगळं शहर अनवाणी निघालं. मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन, बायका-पोरांसकट. पावलांच्या मशिदीपाशी रडून प्रार्थना केली. तो लिहितो की देवाने त्यांचं संकट हलकं केलं, दमास्कसमध्ये दिवसाला दोन हजार गेले पण कैरोत चोवीस हजार. आकडे अर्थातच ऐकीव. पण वर्णन वाचताना डोळे भरून येतात.

दुसरी मिरवणूक कैरोची, १४३०ची. ती इब्न हजर अल-अस्कलानीने लिहिलीय. हा हदीसचा फार मोठा पंडित, कैरोचा मुख्य काझी. खाडीकाठ ह्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. त्याला लागण मान्य नव्हती. प्लेग हा जिनांनी टोचल्यामुळे होतो आणि त्यात मरणारा शहीद, ह्या परंपरेवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. त्याच ग्रंथात तो सांगतो की साथ सुरू झाली तेव्हा कैरोत दिवसाला चाळीसहून कमी माणसं मरत होती. मग तीन दिवस उपवास करून लोक पावसाच्या नमाजाला जातात तसे वाळवंटात जमले, प्रार्थना केली, थोडा वेळ थांबून परत आले. महिना संपायच्या आत दिवसाचा आकडा हजारावर गेला.

आपल्या मताला सोयीचा नाही म्हणून त्याने तो आकडा गाळला नाही.

हा ग्रंथ त्याने १४१६च्या सुमारास लिहायला घेतला होता. त्याच साथीत त्याच्या दोन मुली गेल्या, फातिमा आणि आलिया. मग काम बाजूला पडलं. १४३०ला ही दुसरी साथ आल्यावर त्याने कागद पुन्हा बाहेर काढले आणि पुस्तक पुरं केलं. त्या वर्षी त्याची थोरली मुलगी गेली, झैन खातून. तिला दिवस गेलेले होते.